फुटक्या बांगड्यांचा ढीग

फार पूर्वी, डोंगर अजून झाडांनी झाकलेले होते तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराच्या पायथ्याशी शिवाप्पाचा बांगड्यांचा कारखाना होता. त्याच्या हिरव्या बांगड्या राणीवशातही जात. पण भट्टीतून शंभर बांगड्या निघाल्या, की चाळीस तडकत. फुटलेली काच पुन्हा वितळवायची, तर पुन्हा लाकूड लागे. शिवाप्पाने आणखी दोन भट्ट्या बांधल्या. झाडं पडत राहिली आणि मागच्या अंगणात काचेचा ढीग वाढत राहिला.

तानूबाई तिथली जुनी कामकरीण. गरम बांगड्यांची पाटी उचलायची, अंगण ओलांडायचं आणि त्या निवायला राखेच्या खड्ड्यात ठेवायच्या, हे तिचं काम. एक दिवस ती म्हणाली, "मालक, खड्डा लांब पडतो. वाटेत गरम काचेला वारं लागतं, तिथंच ती तडकते. खड्डा भट्टीशेजारी घ्या."

"तो खड्डा माझ्या आजोबांनी खणलाय," शिवाप्पा म्हणाला. "तुझे पाय थकलेत, हे सांग ना."

"एकदा माझ्यासोबत चालून बघा, मालक."

शिवाप्पा चालला नाही. त्याने तिला कामावरून काढलं. तिच्या जागी आलेले कामगार लवकर पोचावं म्हणून धावत जाऊ लागले, धक्के लागून बांगड्या जास्तच फुटू लागल्या. का फुटतात ते सगळ्यांना दिसत होतं. पण तानूबाईचं काय झालं तेही त्यांनी पाहिलं होतं. कुणी बोललं नाही.

बारा वर्षं गेली. डोंगर बोडका झाला. दोन भट्ट्या विझल्या, माणसं पांगली. मग एका सकाळी शिवाप्पाला स्वतःच पाटी उचलावी लागली. अर्ध्या अंगणात त्याला हातातल्या पाटीतून बारीक आवाज आला. टिण. पुन्हा टिण. तो तिथेच उभा राहिला.

त्याच दिवशी त्याने भट्टीला लागून नवा खड्डा खणला. पुढच्या शंभरांतल्या चारच बांगड्या फुटल्या. ते पाहून त्याला आनंद झाला नाही. तो मागच्या काचेच्या ढिगाकडे आणि बोडक्या डोंगराकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी तो तानूबाईच्या गावी गेला. ती दारात बसली होती. तिला आता नीट दिसत नव्हतं.

"तानूबाई, तुमचं खरं होतं. परत चला."

ती म्हणाली, "येईन हो. पण भट्टीत घालायला लाकूड कुठनं आणाल?"

शिवाप्पा बोडक्या डोंगराच्या वाटेने एकटाच परतला. महिन्याभरात शेवटची भट्टीही विझली.

तात्पर्य : नासाडी कुठे होते हे राबणाऱ्या हातांना आधी कळतं; त्यांचं वेळेवर न ऐकणं हीच सर्वांत मोठी नासाडी.