काठोकाठ मडकी

खाडीच्या काठी राहायची आवडी भंडारीण, तिचा माडावरून पडून अधू झालेला नवरा ढाकू आणि दोन धट्ट्याकट्ट्या लेकी. पलीकडच्या काठी होते गुणाजी खोत, तेही माडी विकणारे. दरसाल माडीवाल्यांच्या होड्यांची शर्यत लागायची. ताज्या माडीची चार मडकी भरून निघायचं. जो आधी देवळाच्या धक्क्याला लागेल, त्यानंच वर्षभर जत्रांत माडी विकायची. ढाकू पडल्यापासून आवडीच्या घरी एकच वेळ जेवण होतं. तिला जिंकायचंच होतं.

लेकींनी वल्ही अशी मारली की आवडीची होडी पहिली लागली. मागून खोत आले. निवाडा करणारेही तेच! मडक्यांत डोकावून म्हणाले, "आवडे, तुझी मडकी चार बोटं उणी. ओझं कमी करायला वाटेत ओतलीस. होडी बाद! माझी बघ, काठोकाठ."

आवडीच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकींच्या तळहातांना फोड, आणि हा त्यांनाच चोर म्हणतो!

"खोतानू, ताजी माडी उन्हात हिंदकळली की फेसाळून उतू जाते. माझ्या होडीत बघा, फेसच फेस! तुमची थेंबभर सांडली नाही. तुमचा तो माड दाखवा तरी. त्याच्यावर चढतात, की रहाट लावून शेंदतात?"

धक्का खदखदून हसला. देवळाच्या गुरवानं खोतांच्या मडक्यातला घोट घेतला आणि थुंकला. "अहो, हे तर विहिरीचं पाणी!"

खोत मान खाली घालून परत गेले. त्या साली सगळ्या जत्रांत आवडीचीच माडी खपली. पुढं तिनं स्वतःच्या मालकीचे बारा माड घेतले. त्यांच्यावर आज तिची नातवंडं चढतात.