रावसाहेबांना हवं स्वतंत्र शीर्षक

आमच्या शेजारची सुलभा गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. परवा मासिक बदलायच्या निमित्ताने मी तिथे जरा रेंगाळले, म्हणून तर हे कानावर पडलं.

वाचनालयाचे अध्यक्ष रावसाहेब कडूसकर तणतणत आले. "अहो बाई, माझं आत्मचरित्र पुस्तकांच्या सूचीत 'चरित्रे' या शीर्षकाखाली चारचौघांत कोंबलंत? माझ्या नावाचं स्वतंत्र शीर्षक करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

मी मासिकाआडून पाहू लागले. सुलभा मात्र हसली.

"करते की, साहेब! फक्त स्वतंत्र शीर्षक झालं, की त्याखाली उपविभाग पाडायचे आणि तुमच्याविषयी छापून आलेलं सगळं तिथे लावायचं, असा नियम आहे. 'कडूसकर – बालपण', 'कडूसकर – समाजकार्य', इथे तुमचं पुस्तक. मग 'कडूसकर – कोसळलेली पाण्याची टाकी'. त्याची वर्तमानपत्रांतली कात्रणं कपाटभर आहेत. तुमचं नाव शोधणाऱ्याला तीही सापडतील."

रावसाहेबांनी उपरण्याने कपाळ पुसलं.

"राहू द्या 'चरित्रे'च. माणसाने चारचौघांत असावं."

ते जिना उतरेपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग मासिक बाजूला ठेवून विचारलं, "सुलभा, ते कात्रणांचं कपाट कुठलं गं?"