तीनशे वर्षांचा चहा

प्रतापराव धुमाळांच्या चहा-कॉफीच्या दुकानांची साखळी जोरात होती, पण त्यांना जुन्या घराण्याचा मान हवा होता. त्यांनी इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक सबनीस यांना बोलावलं.

"सर, दुकानाच्या पाटीसाठी लिहा. आमच्या पूर्वजांनी इथे तीनशे वर्षांपूर्वी चहाचं दुकान काढलं. खाली तुमची सही. तुमची सून आमच्याकडे मॅनेजर आहे, विसरू नका."

सही केली तर आयुष्यभराची अब्रू जाणार, नाही केली तर सुनेची नोकरी. सबनीस उगाच चष्मा पुसत राहिले.

"लिहितो," ते चाचरत म्हणाले. "फक्त तेव्हा इथे चहा कुणीच पीत नव्हतं. म्हणजे तुमच्या पूर्वजांच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही, एवढं जोडावं लागेल."

धुमाळांनी समोरचा कागद मागे ओढला.

"सर, पाटीवर नुसतं 'ताजा चहा' लिहू. आणि हे सूनबाईंच्या कानावर घालू नका."