तुरतुरीचं जांभूळ आणि हट्टी आप्पेपात्र

बसलात का नीट? मांडी घाला. हं, आता ऐका.

कुंदामामीच्या अंगणात होतं जांभळाचं झाड. झाडावर राहायची एक चिमुकली खार. तिचं नाव तुरतुरी. सगळी जांभळं कुंदामामीनं उतरवली होती. शेंड्यावर उरलं होतं एक. एकच! गोल गोल, काळं काळं.

"हे माझं!" तुरतुरी म्हणाली. तिनं ते तोडलं. दोन्ही हातांत धरलं. तोंड उघडलं. आणि...

सर्रर्र... टुप्!

जांभूळ हातातून सटकलं. खाली चूल होती. चुलीवर पातेलं होतं. पातेल्यात जांभळं शिजत होती. त्यात पडलं!

तुरतुरी खाली आली. तुरुतुरु तुरुतुरु. पण खारीचे पाय केवढे? ती येईपर्यंत मामीनं जांभळं घोटली. घटघट घटघट. बिया काढल्या. गूळ घातला. रस घट्ट व्हायला भिजवलेलं चायना ग्रास घातलं. मामीला करायच्या होत्या लुसलुशीत गोळ्या. गोळ्यांचा साचा काही घरात नव्हता. मामीनं काय केलं? सगळा रस ओतला आप्पेपात्रात!

"मामी, मामी, माझं जांभूळ दे!"

"अगोबाई! तुझं होतं ते? त्याच्या तर गोळ्या झाल्या. बाजारच्या गोळीत नुसता रंग. माझ्या गोळीत खरं जांभूळ!"

"ते खरं जांभूळ माझं आहे!"

"बरं बाई, एक गोळी तुझी. पण आप्पेपात्र सोडेल तेव्हा."

तुरतुरी गेली आप्पेपात्राकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"पात्रा, पात्रा, गोळी सोड."

"हाश्श हुश्श! माझं पोट तापलंय. गार पाण्यात बसल्याशिवाय मी गोळी सोडणार नाही!"

तुरतुरी गेली माठाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"माठा, माठा, पाणी दे. पात्र गोळी सोडेना, आणि माझं जांभूळ मला मिळेना!"

"डुबुक डुबुक! पाणी काय शेपटीवर नेणार? तांब्या आल्याशिवाय मी पाणी देणार नाही!"

तांब्या कुठे होता? बनूकडे. बनू म्हणजे मामीची धाकटी लेक. ती तांब्या बडवत होती. ठण ठण! ठण ठण!

"बनू, बनू, तांब्या दे. माठ पाणी देईना, पात्र गोळी सोडेना, आणि माझं जांभूळ मला मिळेना!"

"नाई देनाल! भूभू आल्याशिवाय तांब्या नाई देनाल!"

तुरतुरी गेली कुत्र्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"कुत्रोबा, कुत्रोबा, ऊठ. बनू तांब्या देईना, माठ पाणी देईना, पात्र गोळी सोडेना, आणि माझं जांभूळ मला मिळेना!"

"भू... हळू बोल! मांजरबाई माझ्या शेपटीवर झोपल्यात. उठवलं की ओरबाडतात. त्या उठल्याशिवाय मी उठणार नाही!"

एवढा मोठा कुत्रा, आणि घाबरतो कुणाला? बघा!

तुरतुरी मांजराजवळ गेली. फार जवळ नाही हं. जरा लांबूनच.

"मांजरबाई, मांजरबाई, डोळे उघड. कुत्रा जागचा उठेना, बनू तांब्या देईना, माठ पाणी देईना, पात्र गोळी सोडेना, आणि माझं जांभूळ मला मिळेना!"

"घुर्र घुर्र! मी झोपलेय. झोपलेलं मांजर बोलतं का कधी?"

"आत्ता बोललीस की!"

"ते झोपेत. कोंबडा आरवल्याशिवाय मी डोळे उघडणार नाही. घुर्र घुर्र!"

तुरतुरी गेली कोंबड्याकडे. कोंबडेराव कुंपणावर बसले होते. मान ताठ, तुरा ताठ.

"कोंबडेराव, कोंबडेराव, आरवा. मांजर डोळे उघडेना, कुत्रा जागचा उठेना, बनू तांब्या देईना, माठ पाणी देईना, पात्र गोळी सोडेना, आणि माझं जांभूळ मला मिळेना!"

"कॉक्! सकाळी आरवून झालं. कुणी शाबास म्हटलं नाही. मामानं शाबास म्हटल्याशिवाय मी आरवणार नाही!"

तुरतुरी गेली मामाकडे. तुरुतुरु... तुरु... तुरु. पाय दमले ना बिचारीचे! मामा खाटेवर लोळत होता.

"मामा, मामा, शाबास म्हण. कोंबडा आरवेना, मांजर डोळे उघडेना, कुत्रा जागचा उठेना, बनू तांब्या देईना, माठ पाणी देईना, पात्र गोळी सोडेना, आणि माझं जांभूळ मला मिळेना!"

"त्या कोंबड्याला शाबास? रोज माझी झोप मोडतो, त्याला? आधी माझं तोंड गोड कर. एक गोळी मिळाल्याशिवाय मी शाबास म्हणणार नाही!"

गोळी? अहो मामा, गोळीसाठी तर ही सगळी पळापळ! आली का पंचाईत!

आता जायचं कुणाकडे? कुणी उरलंच नाही. तुरतुरीला फार फार वाईट वाटलं. एकच तर जांभूळ होतं तिचं! मग तिला आला राग. ती अंगणाच्या मधोमध बसली. शेपटी उभी केली आणि भोकाड पसरलं.

"चिर्रर्र! चिक् चिक् चिक् चिर्रर्रर्र!"

इवलीशी खार, पण आवाज? कानठळ्याच!

कोंबडा दचकला. "अरे! माझ्या अंगणात माझ्यापेक्षा मोठ्यानं कोण ओरडतंय?" त्यानं छाती फुगवली. शाबासबिबास सगळं विसरला.

"कुकूच कूऽऽऽ!"

कोंबडा आरवला, मांजरानं डोळे उघडले. म्यांव!

मांजर उठलं, कुत्रा उठला. भू भू!

कुत्रा बनूकडे आला, बनूनं तांब्या टाकला. ठण्ण!

तांब्या मामीनं उचलला. माठानं पाणी दिलं. बुड बुड बुड! मामीनं परातीत पाणी ओतलं आणि पात्र त्यात बसवलं.

चर्रर्र...

"हाऽऽश! बरं वाटलं," पात्र म्हणालं. पोट गार झालं. रस घट्ट झाला. आणि पात्रानं गोळ्या सोडल्या. पुळुक! पुळुक! पुळुक! जांभळ्या जांभळ्या, थुलथुल थुलथुल.

"घे गं, ही तुझी," मामी म्हणाली.

तुरतुरीनं गोळी हुंगली. इकडून बघितली. तिकडून बघितली.

"माझं जांभूळ हिच्यातच आहे का?"

"ते कसं सांगू? सगळी एकत्र घोटली ना! थोडं हिच्यात, थोडं तिच्यात."

"म्हणजे सगळ्यांत?"

"हो गं, सगळ्यांत."

"बरं!" तुरतुरी म्हणाली. तिनं हातातली गोळी खाली ठेवली. हिचा घेतला एक चावा. कुट्! तिचा घेतला एक चावा. कुट्! मग पलीकडचीचा. कुट्! सगळ्या गोळ्यांचा इवला इवला चावा घेतला.

"अगं, अगं, अगं!" मामीनं कपाळावर हात मारला.

"तुझी गोळी तुला राहू दे, मामी," तुरतुरी तोंड पुसत म्हणाली. "मी फक्त माझं जांभूळ घेतलं."

मग सगळ्यांनी गोळ्या खाल्ल्या. बनूनं खाल्ली, मामीनं खाल्ली. मामा तर पळत आला. त्यानं आपली गोळी बघितली.

तिला दोन चावे होते.

गोष्ट झाली फस्त, जीभ जांभळी मस्त!