पिवळा थेंब

"सर, मग सही करताय ना?"

पुष्कर देवस्थळीने अर्ज तिसऱ्यांदा टेबलावर सरकवला. उद्या सकाळी आठ उंदरांना त्याने बनवलेलं औषध टोचायचं होतं, आणि मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्राणीगृहाचं दार उघडत नाही.

तुस्कानो सर चष्मा पुसत होते. "आकडा किती म्हणालास?"

"अकरा, सर! बाजारातल्या औषधाच्या अडीचपट. एमआरआयमध्ये रक्तवाहिन्या कशा लख्ख उठतील बघाच."

आकडा म्हणजे औषधामुळे आजूबाजूचं पाणी चुंबकयंत्रात किती उजळतं, त्याचं माप. ते उजळवतो गॅडोलिनियम हा धातू. मोकळा सुटला तर तो विषारी, म्हणून त्याला एका मोठ्या रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून मगच शरीरात सोडतात. पुष्करने असा नवा पिंजरा बनवला होता आणि दोन दिवस त्याचे पाय जमिनीवर नव्हते. शेजारच्या टेबलावर मी काम करत होते. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

"रंग घातलास?" सरांनी विचारलं.

आमच्या लॅबचा रिवाज होता, आधी रंगाचा थेंब, मग आकडा. पुष्करने आकडा आधी घेतला होता.

"एवढा आकडा आल्यावर रंग कशाला, सर?"

सरांनी खिशातून एक नळी काढली. "ही लाव."

पुष्करने ती यंत्रात ठेवली. आकडा आला, तेरा. त्याचा चेहरा उतरला.

"कुणाचा पिंजरा हा, सर?"

"पिंजराच नाही. बाटलीतला नुसता क्षार आहे, गॅडोलिनियमचा. सकाळी मीच पाण्यात विरघळवला." सरांनी पेनाचं टोपण काढलं. "हाच टोचू या? तुझ्यापेक्षा उजळ आहे."

सरांनी रंगाची बाटली त्याच्यापुढे ठेवली. हा पिवळा रंग मोकळ्या धातूला भेटला की जांभळा होतो, एरवी पिवळाच राहतो. पुष्करने स्वतःच्या नळीत एक थेंब सोडला.

नळी जांभळी झाली.

"म्हणजे... माझा उजेड सुटलेल्या धातूचा होता," तो म्हणाला. "उद्या मी त्या उंदरांच्या अंगात विष सोडलं असतं."

इतका वेळ मला त्याचा राग येत होता. आता मी माझं स्टूल त्याच्याजवळ ओढलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि अर्ज सही न करताच परत दिला.

नंतरचे पाच महिने पुष्करने आकड्याचं नाव काढलं नाही. पिंजऱ्याला धातू धरून ठेवायला एक नवा हात जोडला, तरी धातू निसटेच. मग दुसरा जोडला. एका दुपारी तो एक नळी आणि तोच जुना अर्ज घेऊन आला.

"रंग घालून तीन दिवस झाले, सर. पिवळाच आहे."

"आणि आकडा?"

"साडेचार..." त्याने मान खाली घातली. "निम्म्याहूनही कमी. बाजारातल्या औषधाइतकाच जेमतेम. सगळी चमक गेली, सर."

सर अर्जावर सही करत होते. मान वर न करता म्हणाले,

"उरली तेवढी तुझी."