वाढप्याचा अंगठा

फार पूर्वी एका घाटाच्या पायथ्याशी एक खाणावळ होती. तिथे म्हादबा नावाचा वाढपी राबायचा. रोज शंभर पानं त्याच्या हातून वाढली जायची, पण "तू जेवलास का रे?" असं त्याला विचारणारं कुणी नव्हतं. बायको आणि लेक दूर तिच्या माहेरी. एक खोली भाड्याने घ्यायची आणि त्यांना आणायचं, एवढाच त्याचा ध्यास. तोवर बिचारा कोठीत धान्याच्या पोत्यांशेजारी निजायचा.

त्या साली राजाने दवंडी पिटवली, "वर्षाला शंभर मोहरांच्या आत कमावणाऱ्याला गिऱ्हाइकांच्या बक्षिसीवर कर माफ!" म्हादबा हरखला. दिवाळीला खोली नक्की! गाडीवानाबरोबर त्याने बायकोला तसा निरोपही धाडला.

एरवी "ए वाढप्या!" म्हणून खेकसणाऱ्या मालकाने दुसऱ्याच दिवशी त्याच्यासाठी आपल्या शेजारी पाट मांडला. भातावर स्वतः तूप वाढलं.

"म्हादबा, तू काय परका आहेस? गल्ल्यातल्या थोड्या मोहरा वहीत तुझी बक्षिसी म्हणून लिहू. पैसे माझ्याकडेच राहतील, माझा कर वाचेल. तू फक्त अंगठा दे."

हे खोटं आहे, हे म्हादबाला कळत होतं बरं का. कळत का नाही! पण इतक्या वर्षांत त्याला कुणी आपलं म्हटलं नव्हतं हो. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने अंगठा उठवला. पुढे दर महिन्याला उठवत गेला. पाट मात्र पुन्हा काही मांडला गेला नाही.

दिवाळीच्या तोंडावर राजाचा कारकून वही घेऊन आला. "तुझी कमाई एकशे चाळीस मोहरा. माफी रद्द. सगळ्यावर कर भर."

"अहो, त्यातल्या माझ्या साठच!" म्हादबा कळवळला. "मालक, सांगा ना यांना!"

मालकाने मान वर केली नाही. "मी काय सांगू? अंगठा तुझा आहे."

खोलीसाठी साठवलेलं सगळं करात गेलं. दोन दिवसांनी गाडीवान आला. "काय रे, आणू का त्यांना?"

"नको."

"अरे, लेक रोज वेशीवर येऊन बसते. काय सांगू तिला?"

म्हादबाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं सांग. बाप चुकला म्हणावं."

तात्पर्य काय, तर मायेच्या भुकेपोटीसुद्धा खोट्याला अंगठा देऊ नये. सवलत लाटणारा नामानिराळा राहतो, आणि भरावं लागतं अंगठा देणाऱ्याला.