माघातला मोगरा

नदीकाठच्या एका गावात भागूबाई नावाची माळीण राहत होती. तिची बाग जेमतेम दोन बिघ्यांची, पण बारा महिने फुललेली. वैशाखात मोगरा, श्रावणात जाई, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती आणि कुंद. ज्याचा महिना त्याचा मान, अशी त्या बागेची रीत होती. पंचक्रोशीतल्या कितीतरी लेकी भागूबाईच्या हातच्या वरमाळा घेऊन सासरी गेल्या होत्या.

तिच्या स्वतःच्या लेकीचे, हौसाचे लग्न ठरले ते माघातले. स्थळ पेठेतल्या गुळाच्या व्यापाऱ्यांचे. मूळचे तेही माळीच, पण दोन पिढ्यांपूर्वी बाग विकून त्यांनी तराजू हाती धरला होता. माती सुटली, फुलांचा तोरा तेवढा राहिला. नवऱ्या मुलाची आजी सगुणाक्का हिने निरोप धाडला, "आमच्या घरात प्रत्येक सून मोगऱ्याच्या वरमाळेनं आली आहे. मोगरा नसेल, तर वऱ्हाड मांडवातून माघारी फिरेल."

माघात मोगरा! ऋतू काय वऱ्हाडाच्या हुकमात असतो? भागूबाई मोगऱ्याच्या ताटव्यापाशी जाऊन उभी राहिली. छाटलेल्या झुडपांवर नुसत्या काड्या होत्या. वऱ्हाड परत गेले, तर पोरीला जन्मभर बोल लागणार होते.

ती पेठेतल्या हारवाल्याकडे गेली. तो हसला. "अहो, माळीण ना तुम्ही? कुंदाच्या कळ्या गच्च ओवायच्या आणि वरून मोगऱ्याच्या अत्तराचा बोळा फिरवायचा. भल्याभल्यांना कळत नाही. पेठेतली थंडीतली सगळी लग्नं अशीच लागतात." त्याने अत्तराची कुपी तिच्या हातावर ठेवली. तिने ती पदराच्या गाठीला बांधली.

लग्नाच्या सकाळी कुंदाची वरमाळ ओवून झाली. भागूबाईने कापसाचा बोळा अत्तरात भिजवला. तोच हळद लागलेली हौसा समोर येऊन उभी राहिली.

"आई, हे काय करतेस?"

"आजच्या दिवस ह्याला मोगरा म्हण, बाळ. तुझ्यासाठीच करते."

"ह्या कुंदाला मी पाणी घातलंय. त्याचं नाव लपवून त्या घरात पाऊल टाकू? मग तुझी लेक म्हणून मी तिथं कोणत्या तोंडानं राहू?"

भागूबाईला आपलीच लाज वाटली. पण त्याहून जास्त लेकीचा अभिमान वाटला. तिने बोळा चुलीत टाकला.

मांडव भरला. अंतरपाट धरायच्या आधी सगुणाक्का पुढे आली. तिने वरमाळ नाकाशी नेली आणि म्हणाली, "हा मोगरा नव्हे."

सनई थांबली. नवऱ्या मुलाचा बाप उठला आणि पायांत जोडे घालू लागला.

भागूबाई ताठ मानेने म्हणाली, "नव्हेच, आक्का. हा कुंद आहे. माघाचा मान त्याचा. माझ्या दारात आज जे फुललं, तेच मी लेकीच्या हाती दिलंय. मोगरा हवा तर वैशाखात या, ओंजळी भरून देईन. पण माघात ज्यानं तुम्हाला मोगरा दिला, त्यानं कुंदच अत्तर लावून दिला."

सगुणाक्काने माळ पुन्हा निरखून पाहिली. मग हळूच विचारले, "त्या अत्तराचा वास किती टिकतो गं?"

"फार तर सांजेपर्यंत."

म्हातारी तिथेच पाटावर बसली. तिचे डोळे भरून आले. "माझंही लग्न माघातलंच. दुसऱ्या दिवशी माझ्या माळेला वासच नव्हता. सासू म्हणाली, पोरीचा पायगुण वाईट, मोगऱ्याचा वाससुद्धा टिकला नाही. पन्नास वर्षं मी ते खरं मानलं. आणि थंडीतच आलेल्या माझ्या तिन्ही सुनांना मीही तेच बोलले."

तिन्ही सुना खांबाशी उभ्या होत्या. थोरलीने पदर डोळ्यांना लावला.

सगुणाक्का उठली. तिने दोन्ही हातांनी वरमाळ हौसाला परत दिली. "घाल पोरी, ह्या फुलांना काही लपवायचं नाही." मग ती आपल्या लेकाकडे, नवऱ्या मुलाच्या बापाकडे वळली. "जोडे काढ."

लग्न लागले. टोपलीत उरलेली कुंदाची फुले तिन्ही सुनांनी एकमेकींच्या अंबाड्यात माळली. त्या दिवशी भागूबाई मांडवातून अशा ताठ मानेने चालली, की गावच्या पाटलिणीनेही तिला वाट करून दिली.

तात्पर्य: आपल्या दारात, आपल्या ऋतूत जे फुलते त्याचाच अभिमान धरावा. उसन्या वासाचा तोरा सांजेपर्यंत टिकतो, पण त्याचे बोल निरपराध माणसाला जन्मभर सोसावे लागतात.